पहाटे तीनला टक्क जाग येते, पुढे झोप नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वय ६८, पुण्यात सहकारनगरला राहते, बँकेतून निवृत्त. प्रश्न झोपेचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण "वय झालं की झोप कमी होतेच" हे उत्तर घरात, दवाखान्यात आणि बागेतल्या बाकावर मिळून चुकलं आहे.

रात्री पडल्या पडल्या झोप लागते, तिथे तक्रार नाही. पण तीन-सव्वातीनला टक्क जाग. मग या कुशीवरून त्या कुशीवर. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं तरी मागच्या सोसायटीचा वॉचमन चारला पाण्याची मोटर लावतो, त्यामुळे किती वाजले ते कळतंच. हे शेजारी घोरत असतात, अगदी सुरात. त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

घर दोन बेडरूमचं. मुलगा अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, तो एक-दीडला आडवा होतो. नात दहावीला आहे, ती हॉलमध्ये झोपते. म्हणजे तीन वाजता मला बसायला जागा एकच, स्वयंपाकघर. आणि तिथे बसलं की हात स्वस्थ राहत नाहीत. मटार सोलून होतात, लसूण सोलून होतो, परवा सगळ्या डब्यांना आपापली झाकणं मिळाली. सून स्वभावाने चांगली आहे, पण तीही शेवटी म्हणालीच, "आई, तीनला भांडी नका ना लावू."

बाकी दिनक्रम असा. साडेपाचला तळजईच्या टेकडीवर फिरायला. जेवण साडेबाराला, त्यानंतर दीडेक तास झोप (पुणेकर आहे, एक ते चार ही वेळ कशासाठी असते ते मला कोणी शिकवू नये). संध्याकाळी घरातच. दिवाबत्ती, साडेसातला जेवण, मग टीव्हीसमोर मान पडायला लागते आणि नऊला मी अंथरुणात.

करून पाहिलेले उपाय: दुधात जायफळ, काशाच्या वाटीने तळपायाला तूप, योगनिद्रा, नामस्मरण. जायफळाबद्दल एवढंच म्हणेन की त्याने लवकर झोप लागते म्हणतात, आणि मला लवकर झोप लागायची गरजच नाही.

आमच्या डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली आहे. ती अजून कपाटातच आहे. कारण कट्ट्यावरची एक मैत्रीण वर्षानुवर्षं तीच गोळी घेत होती, आणि गेल्या पावसाळ्यात रात्री बाथरूमला जाताना पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, अजून वॉकर सुटला नाही. दोष गोळीचा की ओल्या फरशीचा ते कोण सांगणार? पण माझ्या मनात भीती बसली ती बसलीच.

तर विचारायचं असं:
ही झोप पुढे ढकलता येते का? गोळी घ्यावी का? आणि काहीच जमणार नसेल, तर तीन ते साडेपाच कोणालाही न उठवता माणसाने करावं तरी काय?

"ब्राह्ममुहूर्तावर जाग येते, भाग्यवान आहात" हे कृपया लिहू नका. ऐकून झालं आहे.

कोरा_चहा
काकू, ब्राह्ममुहूर्ताचं मी लिहितोच, पण तुमच्या बाजूने. तो सूर्योदयाच्या आधी १ तास ३६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे मुहूर्त लागतो साडेपाचच्या सुमारास. जूनमध्ये सहाला उजाडतं, तेव्हाही साडेचारच्या जरा आधी. तीन वाजता पुण्यात बारा महिने रात्रच असते. पुढच्या वेळी कोणी भाग्यवान म्हणालं तर हे गणित तोंडावर मारा.

टेकडीवाला
काकू, मी डॉक्टर नाही. वडिलांचं अगदी हेच झालं होतं, तेव्हा झोपेच्या तज्ज्ञांकडे बऱ्याच खेपा झाल्या, त्या भांडवलावर लिहितो.

आधी हिशेब करू, तुम्ही बँकेतल्या आहात. नऊ ते तीन, सहा तास. दुपारचा दीड. टीव्हीसमोर मान पडते तो अर्धा तास धरा. झाले आठ. पासष्टीनंतर सात-आठ तास झोप पुरेशी मानतात. म्हणजे तुमची झोप कमी नाहीये, ती चुकीच्या खात्यात जमा होते आहे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले होते. तुम्हीही चिडाल, पण एक आठवडा वहीत लिहून बघा: अंथरुणाला कधी टेकलात, अंदाजे कधी लागली, कधी जाग आली, दिवसा किती. घड्याळ बघून नाही, सकाळी उठल्यावर अंदाजाने.

आता तीनलाच का? झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागं राहून साठलेली झोपेची ओढ. दुसरं मेंदूतलं घड्याळ. वय वाढतं तसं हे घड्याळ पुढे पळायला लागतं: झोप लवकर येते, जागही लवकर येते. शिवाय गाढ झोपेचा वाटा कमी होतो, म्हणून पंचविशीत जी मोटर ऐकू आली नसती ती आता येते. दुपारच्या दीड तासात तुम्ही ओढ खर्च करून टाकता, उरलेली तीनपर्यंत पुरते. संपली की डोळे उघडतात.

घड्याळ मागे ओढायचं मोठं साधन म्हणजे उजेड, आणि तो कधी मिळतो त्यावर सगळं आहे. सकाळचा उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो, संध्याकाळचा ती पुढे ढकलतो. तुम्ही सकाळी तळजईवर आणि संध्याकाळी घरात, म्हणजे बरोबर उलटं चाललंय. फिरणं संध्याकाळी न्या. जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, नोव्हेंबर-डिसेंबरात सहालाच मावळतो, त्याप्रमाणे साडेचार-पाचला बाहेर पडा. ट्यूबलाइटखाली बसून ते काम होत नाही. खोलीतला उजेड शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं माप), बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार. पावसात टेकडी नको, निसरडं असतं, गॅलरीत खुर्ची टाका. आणि जेवणानंतर घरातले सगळे दिवे लावा, मंद दिव्यात सोफ्यावर बसलं की मान पडणारच.

झोपायची वेळ एकदम साडेदहा करू नका. दर चार-पाच दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं पुढे. उठायची वेळ मात्र एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारी अर्धा तास, गजर लावून, आणि तीनच्या आत. पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात. वडील संध्याकाळी सातला इतके चिडचिडे व्हायचे की आई माझ्याकडे राहायला आली होती.

तीनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप येईना, तर उठा. अंथरुणात तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणाची सांगड तळमळण्याशीच घालतो. खुर्चीत बसा, पिवळा मंद दिवा, काहीतरी कंटाळवाणं वाचा. मटार नको. कामाचं काही केलं की शरीराला वाटतं दिवस सुरू झाला. डोळे जड झाले की परत आत.

या सगळ्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशावरचा विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच करा असं सांगितलं आहे. पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चौकशी करा, काही जण व्हिडिओ कॉलवरही करतात.

पर्वतीपायथा
टेकडीवाला यांच्याशी सहमत. मी निवृत्त परिचारिका आहे, वॉर्डात बरीच म्हातारी माणसं रात्री सांभाळली आहेत, म्हणून गोळीबद्दल.

ताई, तुमची भीती अनाठायी नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या जातीच्या गोळ्या पासष्टीनंतर शक्यतो टाळा असं अमेरिकेच्या जेरियाट्रिक्स सोसायटीच्या (म्हाताऱ्यांच्या आजारांवर काम करणारी संस्था) यादीत स्पष्ट आहे. तोल जातो, रात्री उठल्यावर गोंधळायला होतं, पडून हाड मोडतं. तरुणाच्या मानाने म्हाताऱ्या शरीरात त्या रेंगाळतातही जास्त. तुम्ही सुरू केलेली नाही, तर डॉक्टरांना भेटून सरळ विचारा की याऐवजी दुसरं काय. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी रोज घेत असेल तर आज वाचलं आणि आज बंद केली असं करू नका. एकदम सोडली की झोप पार उडते, घाम, थरथर, क्वचित फिटही येते. डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यायची. आणि सर्दीची गोळी "झोपेसाठी निरुपद्रवी" म्हणून घेणारे बरेच असतात, तीही या वयात निरुपद्रवी नसते. जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी तोंड सुकतं, लघवी अडते, माणूस बरळतो.

आता काही प्रश्न. रक्तदाबाची गोळी कोणती आणि किती वाजता? चहा-कॉफी शेवटची कधी? तुम्ही स्वतः घोरता का? (यजमानांना विचारू नका, नातीला विचारा.) पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं, आणि पहाटेची झोप त्यानेही मोडते. पायात रात्री वळवळ, हलवल्याशिवाय चैन नाही, असं होतं का? असेल तर रक्तातलं लोह, फेरिटिन, तपासून घ्या.

शेवटचा प्रश्न, रागावू नका. मन कसं आहे? पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं जुनं लक्षण आहे. भूक कमी, कशात रस नाही, सकाळीच जास्त उदास, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर झोपेच्या मागे लागण्याआधी ते दाखवा. सरकारी टेली-मानस, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

निवांत_पौडरोड
माझी आई ७४ ची, तीनला उठून हातमाग चालवल्यासारखी विणते. नातवंडांना स्वेटर पुण्यात लागत नाहीत हे सांगायची कोणाची हिंमत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. टेकडीवाला, हिशेब वाचून चिडले नाही, पण दोनदा तपासला. आठच येतात. दीड तासाची दुपार लिहिताना मी जरा हात आखडता घेतला होता, तो पावणेदोन धरा.

पर्वतीपायथा, तुमची उत्तरं: चहा चारचा शेवटचा, कॉफी नाही. घोरते, नातीने साक्ष दिली, पण "आजोबांइतकं नाही." पायांचं काही नाही. रक्तदाबाची गोळी रात्री जेवणानंतर, आणि आज पट्टी नीट वाचली तर टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणून काहीतरी आहे.

मनाचं. भूक नीट आहे, रडू-बिडू येत नाही, वाचन चालू आहे, कट्टा चालू आहे. एक आहे. माझी बहीण नाशिकला होती, रोज जेवणानंतर आमचा फोन चालायचा, साडेआठला सुरू झाला की दहा कसे वाजायचे कळायचं नाही. भाज्यांचे भाव, कोणाचं काय, मालिकेतल्या सुनेला शिव्या. ती गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून मी नऊला झोपायला लागले हे तुमचे प्रश्न वाचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. झोप येते म्हणून झोपते असंच वाटायचं. खरं म्हणजे दहापर्यंत करायचं काय, हाच प्रश्न असतो. मुलगा कॉलवर, सून दमलेली, नात अभ्यासात, हे बातम्यांमध्ये.

पर्वतीपायथा
ताई, हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणजे लघवी वाढवणारं औषध. लघवीने जाग आली की जाग आल्यावर लघवी जाणवली, हे अर्धवट झोपेत कोणालाच सांगता येत नाही. ही गोळी सकाळी घेतली तर चालेल का, एवढंच डॉक्टरांना विचारा. स्वतः बदलू नका. घोरण्याचंही त्यांच्या कानावर घाला.

बहिणीचं वाचलं. फोनची वेळ रिकामी ठेवू नका. आमच्याकडे चार बायका रात्री साडेआठला फोनवर एकत्र येऊन शब्दकोडं सोडवतो, एक पेपर वाचते, बाकीच्या भांडतात. दहापर्यंत कोणाला जांभई येत नाही. पाचवीची जागा आहे.

मूळ प्रश्नकर्ती
उद्या डॉक्टरांकडे जाते, पट्टी बरोबर नेते. फिरणं संध्याकाळी नेणार आहे. सकाळचा ग्रुप रुसेल, पण त्यांच्यातल्याही निम्म्या तीनलाच उठतात, त्यांनाही ओढते. शब्दकोड्याचं नक्की, व्यक्तिगत निरोप करते.

एक राहिलं. साडेदहाला झोपायचं तर साडेसातचं जेवण पुरेल का? दहाला पोटात कावळे ओरडले तर?

टेकडीवाला
जेवण आठला करा, झोपायच्या आधी दोन-अडीच तास मिळाले की पुरे. त्याहून उशीर नको, आडवं पडलं की जळजळ होते. आणि कावळे ओरडलेच तर अर्धा कप दूध. जायफळ घाला, चवीला बरं लागतं.