वडिलांच्या पश्चात ठासणीची बंदूक: परवाना, दुरुस्ती, नवी नळी, कायद्यात काय बसतं?

फोंडाघाट_बागायतदार

वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाचा परवाना आणि एकनळी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायची) बंदूक होती. वडील वारले. परवान्याची मुदतही संपत आली आहे. जमीन सामाईक आहे आणि आम्ही तीन भावंडं. बंदूक माझ्या नावावर करायची आहे. ते होईपर्यंत ती घरात ठेवली तर चालते का? दुसरं म्हणजे नळीचं तोंड गंजून खराब झालंय. वाडीतला लोहार म्हणतो, चार इंच कापून देतो, नाहीतर नवी नळी बसवून देतो. आणि दोन-तीन जणांचं म्हणणं आहे की ठासणीची बंदूक म्हणजे जुनी वस्तू, तिला परवाना लागतच नाही. जाणकारांनी कृपया कलमांसह सांगावं.

गृहशाखा_टिपण

अर्ज-बिर्ज नंतर. आधी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा.

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडील हयात असते तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मधल्या परंतुकाप्रमाणे त्यांच्या समक्ष किंवा त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर तुम्ही ती दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा त्यांच्या वापरासाठी नेऊ शकला असता. परवानाधारकच राहिला नाही, तेव्हा ती मुभाही संपली. कलम २१ सांगतं की कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, तर विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. परवान्यावर अजून दिवस शिल्लक दिसतात म्हणून थांबू नका, ते दिवस वडिलांचे होते. विनापरवाना बंदूक बाळगण्याला कलम २५(१ब) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे, शिवाय दंड.

जमा करताना लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यू दाखला आणि मूळ परवाना. पोचपावतीवर बंदुकीचा प्रकार, नळीवरचा क्रमांक, नळीची लांबी आणि आजची अवस्था (तोंडाला गंज, घोडा चालतो की नाही) लिहून घ्या. उद्या बंदूक परत घेताना वाद होतो तो नेमका यावरच. दारू, छरे, केपा (बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) असतील तर त्यांची वेगळी नोंद करून घ्या. बंदूक भरलेली आहे की रिकामी याची खात्री नसेल तर हात लावू नका. ठाण्यात तसं सांगा आणि त्यांनाच येऊन न्यायला सांगा. ठासणीच्या बंदुकीत बार वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

आता नावावर करण्याचं. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वारसांसाठी आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना देता येतो. धारक हयात असतानाही त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो वारस नेमू शकतो. ज्यांचे वडील सत्तरीत आहेत त्यांनी हे आत्ताच उरकावं, पुढची निम्मी धावपळ वाचते.

तुमचा अर्ज नमुना अ-१ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जाईल. आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचा पोलीस आयुक्तांकडे. सोबत मृत्यू दाखला, वारस दाखला, मूळ परवाना, जमा पावती, ओळख आणि रहिवासाचे पुरावे, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शेती संरक्षणासाठी सात-बारा व आठ-अ. बाकीच्या दोन्ही भावंडांची ना-हरकत शपथपत्रं लागतील. फाइल अडते ती बहुतेक इथेच, कारण बहीण लग्न होऊन मुंबईला असते आणि तिची सही राहून जाते. वय २१ पूर्ण हवं. परवाना मिळाला की युआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडल्याची खात्री करा, त्याच्याशिवाय परवाना वैध धरत नाहीत. मुदत आता ५ वर्षांची आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा असतो.

ओरोस_वकिली

वरचं सगळं बरोबर. मी लोहाराबद्दल लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे.

नळी कापायची नाही. कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायला स्वतंत्र परवाना लागतो, मग कारण गंज असो वा आणखी काही. वारसाचा परवाना मिळाल्यावरसुद्धा ती मुभा येत नाही. गुळगुळीत नळीची (नळीत आतून पेच नसलेली) बंदूक २० इंचांपेक्षा आखूड झाली तर तिचा वर्गच बदलतो आणि ती निर्बंधित शस्त्रांच्या यादीत जाते.

नवी नळी बसवणं त्याहून गंभीर. अधिनियमाच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भाग आणि बंदुका बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा ‘शस्त्र’ या शब्दात येते. म्हणजे नळी तयार करणं हेच शस्त्र बनवणं. कलम ५ खाली बनवणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, विकणं या प्रत्येकाला परवाना लागतो. लोहाराने नुसता घोडा ठोकून सरळ केला तरी ती विनापरवाना दुरुस्ती ठरते, आणि काम करून घेणाराही सुटत नाही. शिक्षा कलम २५(१) मध्ये आहे: बनवणं, दुरुस्ती, नळी आखूड करणं, सगळ्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप. २०१९ आधी हीच शिक्षा ३ ते ७ वर्षं होती. गावात अजून तीच जुनी समजूत चालते आणि ‘जामीन होतो, काही होत नाही’ असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात अशी स्वयंचलित बंदूक प्रतिबंधित शस्त्रात मोडते. ती बनवणाऱ्याला कलम २५(१अअ) खाली किमान १० वर्षं आहेत.

स्वतःच्या वापरासाठी घरी एक बंदूक बनवतो, म्हणून परवाना द्या, असा मार्ग कायद्यात नाही. बनवण्याचा परवाना कारखान्याला मिळतो. जागा, साठवण, प्रत्येक नगावर क्रमांक, दाबाची चाचणी हे सगळं त्यात येतं. बिहारमधल्या मुंगेरच्या खासगी बंदूक कारखान्यांनासुद्धा ठरवून दिलेल्या कोट्याइतकंच उत्पादन करता येतं. गावठी बंदुकीवर ना क्रमांक असतो ना चाचणीची खूण. नळी फुटते ती बार भरणाऱ्याच्या तोंडाशी.

दुरुस्ती हवीच असेल तर परवाना नावावर झाल्यावर दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जा आणि कामाची पावती घ्या. गंज काढायला घरी पॉलिश पेपर मारू नका. क्रमांक घासला गेला तर कलम ८ आडवं येतं. खूण पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच ती पुसली असं गृहीत धरतात, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

जुनी_हत्यारं

थोडा वेगळा मुद्दा. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे ना? आमच्याकडे वाड्यात भिंतीवर टांगलेल्या आहेत, कुणी विचारत नाही.

ओरोस_वकिली

४५(क) पूर्ण वाचा. सूट त्या शस्त्राला आहे जे ‘दुरुस्ती करून किंवा न करता’ बंदूक म्हणून वापरता येणार नाही. वाक्याचा सगळा भार या शब्दांवर आहे. नळी शाबूत असेल आणि कारागीर घोडा बदलून ती चालू करू शकत असेल, तर शंभर वर्षं जुनी असली तरी सूट नाही. हे ठरवतो शस्त्रतज्ज्ञाचा अहवाल. मालकाचं मत तिथे चालत नाही. प्रश्नकर्त्यांची बंदूक तर परवान्यावर चढलेली आणि वापरातली आहे, तिला ही सूट लागूच नाही. तुमच्या वाड्यातल्या बंदुकांची नोंद आहे का ते आधी पाहा. नसेल तर कुणी विचारण्याआधी वकिलामार्फत लेखी अर्ज देऊन जमा करा.

फोंडाघाट_बागायतदार

मनापासून आभार. बंदूक उद्याच जमा करतो. एक राहिलं. शेती संरक्षणाचा परवाना मिळाला म्हणजे बागेत आलेला डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं समजायचं का? गव्यांचाही त्रास आहे.

रानवाट_वनरक्षण

नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियमाचा, जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ची. रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत (संरक्षित प्राण्यांच्या यादीत) आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११(१)(ब) खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, म्हणून वनक्षेत्रपालांकडे अर्ज करा. परवानगीत क्षेत्र आणि अटी लिहिलेल्या असतात. मेलेल्या जनावराची खबर देऊन पंचनामा करावा लागतो, मांस वाटून घेतलं की शिकारीचा गुन्हा. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यासाठी पिकाचं नुकसान हे कारणच चालत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी अथवा आजारी असेल तरच, आणि तेही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाने. गव्याच्या नुकसानीचा भरपाईचा अर्ज त्याच दिवशी द्या, पायाचे ठसे आणि मोडलेली झाडं पंचनाम्यापर्यंत तशीच राहू द्या.

फोंडाघाट म्हटल्यावर आणखी एक. राधानगरी अभयारण्य तुमच्या डोक्यावरच आहे. याच वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी वन विभागाकडे नाव नोंदवायचं असतं. गृह शाखेत अर्ज देतानाच गावाचं अंतर दाखवणारं पत्र वन विभागाकडून घेऊन जोडा. ते नसलं की फाइल मध्येच तिकडे पाठवतात आणि महिने जातात.

गृहशाखा_टिपण

हे पत्र मीही यादीत घालायला हवं होतं, जरूर जोडा. आणि नकार आला तर कारणांसह लेखी आदेश मागून घ्या, शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं. कलम १३(३) मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे, त्याचा आधार अपिलात घ्या. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४(२) मध्ये आहे.

भावंडांचं जमलं नाही आणि बंदूक ठेवायचीच नाही असं ठरलं, तर कलम २१(२) प्रमाणे कायदेशीर वारसाला जमा असलेली बंदूक परवानाधारकाला विकता येते. विहित मुदतीत ना परवाना काढला ना विकली, तर ती सरकारजमा होते. म्हणून जमा पावतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ती मुदत किती, ते जमा करतानाच ठाण्यात विचारून घ्या.