गाडी येणार की नाही? कोकणातल्या एसटीचे अनुभव

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबई जवळ आली हे खरं, पण मंडणगड, दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला या तालुक्यांत रूळ पोचलेच नाहीत. रेल्वे आतल्या बाजूने गेली आणि बंदरांची, खाडीकाठची गावं होती तिथेच राहिली. दवाखाना, कॉलेज, बँक, तहसील कचेरी, या सगळ्यासाठी तिथला माणूस आजही एसटीचीच वाट बघतो.

म्हणून हा धागा. एसटीच्या जुन्या गोड आठवणींवर पुष्कळ लिहून झालंय. इथे तुमच्या गावची गाडी आज कशी चालते ते लिहा. दिवसाला गाड्या किती, यापेक्षा त्यांच्यावर विसंबता येतं का हा प्रश्न मला मोठा वाटतो. दोनच गाड्या असोत, पण येणार म्हणजे येणार असतील तर माणूस त्यांच्यावर दिवस आखतो. फलकावर सहा वेळा लिहिल्यात आणि त्यातली कुठली खरी हे कुणालाच ठाऊक नाही, अशा गावात म्हातारं माणूस एक तर रिक्षाला पैसे मोजतं, नाही तर दवाखान्यात जायचंच टाळतं.

सुरुवात मीच करते. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या टोकाला. आई तिथे एकटी असते, तिची साखरेची तपासणी तालुक्याला. गावात वस्तीची गाडी आहे. संध्याकाळी येते, रात्रभर देवळासमोर उभी राहते, सकाळी सहाला सुटते. चालक-वाहक देवळाशेजारच्या खोलीत झोपतात, कुणाच्या तरी घरून त्यांना चहा जातो. कॉलेजची मुलं, मासळी घेऊन जाणाऱ्या बायका, तपासणीला निघालेली माणसं, सगळी याच गाडीला. आता यातली मेख अशी, की संध्याकाळी गाडी आली नाही तर सकाळची फेरी आपोआप बुडते, कारण सकाळी जाणारी गाडी तीच. बाहेरच्याला वाटतं एक फेरी चुकली. गावाचा दुसरा अख्खा दिवस गेलेला असतो.

संध्याकाळी ती का येत नाही? कधी तीच गाडी दुपारी लांब पल्ल्याला धाडलेली असते आणि हायवेच्या कामात अडकते. कधी चालकाची ड्युटी संपते आणि बदली माणूस नसतो. कधी टायर. कारणं खरी असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. आगारात ही गोष्ट दुपारीच कळलेली असते आणि गावात ती कोणी कळवत नाही, याचा राग आहे. आई अंगणात बसून खालच्या वळणावर गाडीने गिअर बदलल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहते. रात्री साडेआठ वाजले की उठते आणि उपाशीपोटी द्यायच्या रक्ताचा बेत पुढे ढकलते. एक फोन सरपंचांना किंवा दुकानदाराला आला असता तर तिने शेजारच्या मुलाला सकाळी मोटरसायकलवर सोडायला सांगितलं असतं.

तुमच्याकडे काय चालतं? मधेमधे तिरप्या अक्षरांत मी बोलेन.

सिंधुदुर्ग जिल्हा, बारावीची विद्यार्थिनी

मी रोज एसटीने कॉलेजला जाते. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न परतीचा आहे. प्रॅक्टिकल पाचला संपतं आणि आमच्या वाडीकडे जाणारी शेवटची गाडी सव्वापाचची. सर दहा मिनिटं आधी सोडतात, आम्ही स्टँडपर्यंत धावतो. गाडी लागलेली असली तर बरं. नसली तर चौकशीच्या खिडकीवर "येईल, थांबा" एवढंच ऐकायला मिळतं. किती वेळ थांबायचं ते कोणी सांगत नाही. सहा वाजले की घरी फोन करायचा आणि कुणाचे तरी बाबा गाडी घेऊन येईपर्यंत बसून राहायचं. पावसात साडेसहालाच काळोख होतो.

माझ्याबरोबर दहावीला असलेली मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला सायन्सला जायचं होतं. तिच्या घरच्यांनी आर्ट्सला घातलं, कारण आर्ट्सचे तास दुपारी संपतात आणि दीडची गाडी नेमाने येते. तिचे बाबा वाईट नाहीत. त्यांच्याकडे मोटरसायकल नाही.

रत्नागिरी जिल्हा

वरचं वाचून गप्प बसवलं नाही. आमच्याकडे हेच, फक्त मुलगी नववीतली आणि गाडी सकाळची.

निवृत्त चालक, आता मुक्काम रायगड जिल्हा

पोरीने लिहिलंय ते खोटं नाही. चालकाच्या बाजूचंही लिहितो.

कोकणात गाडी चालवणं म्हणजे वळण आणि चढाव. कशेडी, परशुराम, आंबा, कुंभार्ली हे नावाजलेले घाट सोडा, गावफेरीचा रस्ता त्याहून अवघड. एकच गाडी जाईल एवढा डांबराचा पट्टा, दोन्ही बाजूंना साइडपट्टी पावसाने खाल्लेली. समोरून डंपर आला की एकाने मागे घ्यायची, आणि बहुतेक वेळा आम्हीच घ्यायचो. चिऱ्याच्या गडग्याला आरसा घासला तरी जाब द्यावा लागतो. रात्री वस्तीला आलो की सकाळी पहिलं काम गाडीखाली बघायचं, कारण रात्री कुत्री, गुरं आडोशाला येऊन झोपतात.

2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट त्यात गेल्या. आमच्यातली माणसं होती ती. त्यानंतर मी कुठल्याही मोरीवर पाणी दिसलं की गाडी थांबवायचो. मागून प्रवासी ओरडायचे, "मास्तर, घोट्याएवढं तर पाणी आहे, घाला." मी घालत नसे. गाडी तासभर उशिरा पोचायची आणि आमच्या नावाने तक्रार जायची. पावसाळ्यातला उशीर आणि इतर वेळचा उशीर एकाच मापाने मोजू नका, एवढीच विनंती आहे.

22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या आगार व्यवस्थापकांनी आगाराची रोकड सांभाळत बुडालेल्या गाडीच्या टपावर तासन्‌तास काढले. अशीही माणसं या खात्यात आहेत.

*चालककाका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पावसाचा उशीर समजून घेणं आणि मार्चमध्ये न कळवता रद्द होणारी फेरी, या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवायला हव्यात. पुढच्यांनीही तसंच लिहा.*

रत्नागिरी जिल्हा, सासूबाईंच्या वतीने

सासूबाई मासळी विकतात. पहाटे बंदरावर लिलावात माल घ्यायचा, बर्फ घालून पाटी बांधायची आणि पहिल्या गाडीने बाजार गाठायचा. नऊच्या आत बसायला मिळालं तर सुरमई, पापलेट भावात जातात. अकरा वाजले की बर्फ उतरतो, गिऱ्हाईक बोटाने दाबून बघतं आणि निम्म्या भावात मागतं.

17 मार्च 2023पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या वाडीत खरा आनंद झाला होता. महिन्याच्या हिशेबात तो फरक दिसतो. जानेवारी 2025मध्ये भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं तरी अर्ध्या तिकिटामुळे झळ कमी लागली. पण सवलत मिळते ती गाडी आली तर. नाही आली तर सहाजणी मिळून टेम्पो करतात आणि दिवसाची कमाई त्यातच जाते. वडापवाले, म्हणजे माणसं भरून नेणारे खासगी जीपवाले, पाट्या घ्यायला नाखूश, वास येतो म्हणतात. एसटीचा वाहक मागच्या बाजूला पाट्या लावून घेतो, खाली पाणी गळू नये म्हणून गोणपाट घालायला सांगतो. त्याने कधी कपाळाला आठी घातलेली सासूबाईंना आठवत नाही.

मालवणकडचो

आमच्या गावात गाडी येता दोन वेळा, आणि सकाळची कधी चुकूक नाय. ड्रायव्हर आमच्याच पंचक्रोशीतलो. कोणाचो झील बारावीक आसा, कोणाची आवस डायलिसिसाक जाता, सगळा तेका ठाऊक. नेहमीचा माणूस रस्त्यार दिसला नाय तर हॉर्न मारून मिनिटभर थांबता. गेल्या पावसात मोरी वाहून गेली, तरी पलीकडच्या बाजूक गाडी घेऊन येऊन उभो रवलो नि लोकांका चलत येऊक सांगल्यान. आमका आणखी गाडये नको. ह्यो माणूस बदली होऊन जाऊ नये, इतक्याच.

मुंबईत नोकरी, गाव सिंधुदुर्गात

माझा त्रास स्टेशनपासून पुढचा. रेल्वे पहाटे उतरवते आणि गाव पंचवीस-तीस किलोमीटर आत. उन्हाळ्यात जुळणी बरी असते, गाडीनंतर थोड्या वेळात एसटी मिळते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी बदलतं, दरडीच्या भीतीने गाड्या हळू चालवतात. एसटीची वेळ मात्र तीच राहते. मग जून ते ऑक्टोबर, म्हणजे नेमके गणपतीही त्यात आले, रेल्वे पोचते आणि एसटी नुकतीच गेलेली असते. रेल्वेचा बदल काही अचानक होत नाही, आधीच जाहीर होतो. त्याप्रमाणे एक फेरी अर्धा तास पुढे सरकवायला नवी गाडी लागत नाही की नवा माणूस लागत नाही.

मुंबईचं ग्रामस्थ मंडळ

गणपतीचं चांगलं लिहितो. आमचं मंडळ वर्षानुवर्षं गट आरक्षण करतं. अख्खी गाडी मुंबईहून थेट वाडीपर्यंत. म्हाताऱ्यांना मधे कुठे उतरावं लागत नाही, सामान दारात उतरतं. 2025मध्ये एसटीने कोकणासाठी 5 हजार जादा गाड्या जाहीर केल्या होत्या. एवढा डोलारा दोन-तीन दिवसांत हलवणं सोपं नाही. परजिल्ह्यातले चालक येतात, त्यांना आमच्या आडरस्त्याची सवय नसते, म्हणून आम्ही वाडीतला एक जाणता माणूस पुढे केबिनपाशी बसवतो.

रत्नागिरी जिल्हा, वरच्यांना उत्तर

मुंबईकरांचं येणं आम्हालाही हवं असतं. पण परतीच्या दिवसांत जादा गाड्या सोडायच्या म्हणून आमच्या गावफेऱ्या काढून घेतात. गौरी-विसर्जनानंतर चार-पाच दिवस शाळा उघडलेली आणि गाडी नाही, असं आमच्याकडे ठरल्यासारखं होतं. निदान शाळेच्या दोन फेऱ्या तरी हलवू नयेत.

वैभववाडी परिसर

आमचं मोठं दुखणं म्हणजे कोल्हापूर, इस्पितळासाठी तिकडेच जावं लागतं. तिकडे जाणारा करूळ घाट जानेवारी 2024पासून कामासाठी वर्षभराहून जास्त बंद होता. गाड्या भुईबावडा, फोंडा घाटाने वळवल्या. वेळ वाढला, पण गाड्या चालू राहिल्या आणि नवी वेळ स्टँडवर लिहिलेली होती. तेवढ्यानेसुद्धा माणसाला धीर येतो.

सध्या वाहक आहे, जिल्हा लिहीत नाही

ऑक्टोबर 2021च्या शेवटाला सुरू झालेला संप एप्रिल 2022पर्यंत चालला. त्या काळात लोकांनी वडाप धरली, मोटरसायकली घेतल्या, आणि आम्ही परत आलो तेव्हा कित्येक फेऱ्यांना निम्मे प्रवासी उरले नव्हते. आम्हालाही घर होतं, पगार थकलेले होते, त्यावर इथे वाद घालत नाही.

रोजचं सांगतो. रद्द झालेल्या फेरीचा राग दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन फिरणाऱ्या वाहकावर निघतो. माझी त्या आदल्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते, तरी मी ऐकून घेतो. माझ्या वस्तीच्या गावांचे फोन नंबर मी एका वहीत लिहून ठेवलेत, गाडी येणार नसेल तर स्वतः दुकानदाराला फोन करतो. हे माझ्या कामात कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर सगळ्यांनीच केलं असतं.

*हीच वही मला प्रत्येक आगारात हवी आहे.*

निवृत्त वाहतूक नियंत्रक

सगळं वाचलं. आतलं गणित सांगतो, म्हणजे अर्ज कसा करायचा ते कळेल.

फेरी ठेवायची की काढायची हे भारमानावर ठरतं, म्हणजे गाडी किती भरून धावली त्यावर. फेरी चार वेळा बुडाली की नेहमीचा प्रवासी दुसरी सोय करतो. मग गाडी आली तरी रिकामी धावते, भारमान कागदावर घसरतं, आणि माणसं कमी पडली की सगळ्यांत आधी तीच फेरी कापली जाते. गाव म्हणतं गाडी येत नाही म्हणून आम्ही बसत नाही, आगार म्हणतं बसत नाही म्हणून पाठवत नाही. दोघंही खरं बोलतात.

"गाडी वेळेवर येत नाही" असा अर्ज देऊ नका, त्याचं काही होत नाही. तारीख, फेरीची वेळ आणि पाटीवरचं गाव लिहा. बुडालेल्या फेरीची नोंद कारणासह होते, ती ताडून बघता येते. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. शाळा-कॉलेजकडून त्या फेरीच्या पासधारक मुलांची यादी घ्या, कारण पासावरची मुलं फेरीची गरज सिद्ध करतात. अर्ज आगार व्यवस्थापकांना आणि प्रत विभाग नियंत्रकांना. सिंधुदुर्गाचं विभागीय कार्यालय कणकवलीत आहे, रायगडचं पेणला, रत्नागिरीचं रत्नागिरीतच. नवी फेरी मागण्याआधी आहे तिची वेळ बदलून मागा, ते लवकर मिळतं. आणि फेरी पुन्हा चालू झाली की पहिले काही महिने, समोर वडाप उभी असली तरी, एसटीतच बसा. आगार त्या महिन्यांचे आकडे बघतं.

*यादीचं मी आजच शाळेत बोलले, मुख्याध्यापक द्यायला तयार आहेत. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे आणि त्यात वस्तीची फेरी रद्द झाल्यास दुपारीच फोन करावा, हे कलम दुकानदाराच्या नंबरासकट घालणार आहे. वाहकदादा, तुमच्या वहीत अजून काय काय लिहिलेलं असतं ते सांगाल का? मसुदा करताना उपयोगी पडेल.*