ग्राही, ग्राहक की आणखी काही? कुत्र्याच्या ताणाबद्दल लिहिताना

प्रश्न

कुत्रा पाळणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे: 'तणावाच्या संप्रेरकांचा कुत्र्याच्या रक्तपेशींवरील ग्राहकांवर आणि चयापचयावर परिणाम होतो.' इथे 'ग्राहक' म्हणजे रिसेप्टर, संप्रेरक जिथे जोडलं जातं तो पेशीचा भाग; पण 'ग्राहक' वाचलं की दुकान डोळ्यांसमोर येतं. दुसरा शब्द आहे का? 'संप्रेरक' ठेवू की सरळ 'हार्मोन'? आणि 'ताण' की 'तणाव'?

प्रतिसाद

'ग्राहक' नकोच. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'ग्राही' रुळला आहे. चालवायलाही सोपा: एक ग्राही, अनेक ग्राही, ग्राहीला, ग्राहींवर. 'संप्रेरक' शाळेत सगळे शिकलेले असतात, पण दवाखान्यात तो कुणी उच्चारत नाही. पहिल्या उल्लेखात 'संप्रेरकं, म्हणजे हार्मोन' असं लिहा आणि पुढे त्यातला एकच धरून ठेवा. एकाच पानावर दोन्ही आलटूनपालटून आले की वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

'ताण' आणि 'तणाव' मात्र माझ्या कानाला वेगळे लागतात. तणाव दोन माणसांत, दोन गटांत, सीमेवर असतो. तो निर्माण होतो आणि निवळतो. शरीरावर पडतो तो ताण. कुत्र्याला ताणच येऊ द्या.

प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे, भाषेतला जाणकार नाही. पण मला खटकतंय ते 'ग्राहक' नव्हे, 'पेशींवरील'मधलं 'वरील'.

ताणाची संप्रेरकं एका जातीची नाहीत. अ‍ॅड्रेनॅलीन पेशीच्या आत शिरतच नाही. त्याचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात, तिथे ते टेकतं आणि काही क्षणांत परिणाम दिसतो. कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड, ते पेशीच्या पटलातून आत जातं. त्याचा ग्राही पेशीद्रवात असतो. दोघे जोडीनं केंद्रकात जातात आणि कोणती प्रथिनं जास्त बनवायची, कोणती कमी, हे बदलतात. त्या कामाला बहुतेक वेळा तास लागतात. म्हणजे एक ग्राही पेशीवरचा, दुसरा पेशीतला. 'पेशींवरील' लिहिलंत की कॉर्टिसॉल वाक्यातून बाहेर पडलं, आणि ताण लांबला की खरा कारभार त्याच्याच हातात असतो.

शिवाय नुसतं 'रक्तपेशी' म्हणणंही मोघम. कुत्र्याच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, तेव्हा केंद्रकाची ही गोष्ट पांढऱ्या पेशींची.

कुलूप-किल्लीचं चित्र (संप्रेरक ही किल्ली, ग्राही हे कुलूप) टाकणार असाल तर जपून. अ‍ॅड्रेनॅलीनला ते ठीक बसतं. कॉर्टिसॉलच्या बाबतीत कुलूप घराच्या आतच सापडतं.

प्रश्न

हे लक्षातच आलं नव्हतं, डॉक्टर. मग 'ग्राहींवर परिणाम' हेही चूक का? पुढे एक वाक्य आहे, त्यात मी 'ग्राहींचे अधोनियमन' (डाउनरेग्युलेशन) असं लिहिलंय.

प्रतिसाद

'अधोनियमन' लिहिणाऱ्यालाच कळतं. क्रियापदं वापरा की!

'ग्राहींमार्फत परिणाम होतो' ही रोजची गोष्ट. 'ग्राहींवर परिणाम होतो' ही ताण रेंगाळल्यावरची. अ‍ॅड्रेनॅलीन सतत वाहत राहिलं तर दोन प्रकार घडतात. ग्राही जागच्या जागी बोथट होतात, म्हणजे संप्रेरक टेकलं तरी आत पुरता निरोप जात नाही. आणि पेशी काही ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते. 'बोथट होणे' आणि 'आत ओढून घेणे', दोन्ही मराठीत तयार आहेत. एकाच जड नामाखाली त्यांना कोंबलं की फरक पुसला जातो.

प्रतिसाद

पशुवैद्य पुन्हा. क्रियापदांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. 'ताणामुळे पांढऱ्या पेशी वाढतात' हे वाक्य हमखास लिहिलं जातं. कृपया लिहू नका.

घाबरलेल्या किंवा आजारी कुत्र्याचा रिपोर्ट समोर धरा. त्यातले न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट हे सगळे पांढऱ्या पेशींचे प्रकार. न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटर रक्तात साधारण 3,000 ते 11,500 या मर्यादेत असायला हवेत, ते 15,000 ते 25,000 दिसतात. लिम्फोसाइट 1,000च्या खाली उतरलेले. इओसिनोफिल जवळजवळ गायब. मोनोसाइट वर; हे कुत्र्यात विशेष दिसतं. एकूण आकडा वाढलेला बघून मालक विचारतो, इन्फेक्शन झालंय का? नसेलही. कुत्र्याच्या रक्तवाहिन्यांत न्यूट्रोफिलांचे दोन साठे असतात, आकारानं साधारण सारखे: एक प्रवाहात फिरणारा, दुसरा भिंतीला चिकटून बसलेला. सुईतून येतो तो फक्त फिरणारा. कॉर्टिसॉलमुळे न्यूट्रोफिलांचा चिकटपणा कमी होतो, बसलेले सुटून प्रवाहात येतात, अस्थिमज्जाही आपल्याकडचे तयार न्यूट्रोफिल सोडते, आणि रक्तातून ऊतींत जाणं मंदावतं. लिम्फोसाइट मुख्यतः उलट वाटेनं रक्तातून निघून लसीका ग्रंथींकडे आणि मज्जेकडे जातात. बहुतांशी ही जागांची अदलाबदल आहे. 'रक्तात जास्त दिसतात', 'भिंतीवरून सुटतात', 'रक्तातून हटतात' असं काहीतरी लिहा.

स्टेरॉइडचा एकच डोस दिला तरी 4 ते 8 तासांत हेच चित्र उमटतं आणि दिवसाभरात ओसरतं. म्हणून रक्त काढायच्या आधी गोळी दिली असेल तर मालकानं ते सांगायलाच हवं. पत्रकात हे वाक्य ठळक टाकलंत तर आमच्यावर उपकार होतील.

तांबड्या पेशींनाही 'वाढतात' लावतात. कुत्रा दचकला, चवताळला की अ‍ॅड्रेनॅलीनमुळे त्याची पाणथरी, म्हणजे पोटातला रक्त साठवणारा अवयव, आकसते आणि तिथे साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात ढकलल्या जातात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतो, पण एकही नवी पेशी बनलेली नसते.

प्रतिसाद

पाणथरी! 'प्लीहा'च्या गर्दीत हा शब्द बऱ्याच दिवसांनी वाचला.

'चयापचय' राहिलाच. चय अधिक अपचय, म्हणजे घडण आणि मोड. तो 'अपचन'शी गल्लत करून वाचला जातो हे खरं, पण पर्यायी 'मेटाबॉलिझम'नं तरी काय उजेड पडतो?

प्रतिसाद

पडत नाही. उलट इथे 'चयापचय'च जास्त कामाचा, कारण तो फोडता येतो. 'ताणानं चयापचय वाढतो' किंवा 'बिघडतो' म्हणण्यात काही हशील नाही. कॉर्टिसॉल स्नायूंतली प्रथिनं मोडतं, चरबीही मोकळी करतं, हा अपचय. त्याच वेळी यकृतात अमिनो आम्लांपासून नवं ग्लुकोज घडतं आणि ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीतला प्रकार) साठतं, हा चय. कुशिंगच्या आजारात कॉर्टिसॉल महिनोन्महिने जास्त राहतं. तिथे दोन्ही एकाच कुत्र्यात डोळ्यांना दिसतात: मांड्या वाळलेल्या, यकृत फुगलेलं, पोट सुटलेलं. रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज बरंच चढलेलं असतं; स्टेरॉइडमुळे तयार होणारा या विकराचा एक खास प्रकार कुत्र्यातच आढळतो.

साखरेबद्दल लिहिताना 'इन्सुलिन प्रतिरोध' टाळता आला तर टाळा. 'पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत' यात सगळं आलं. आणि मांजराचा परिच्छेद उचलून कुत्र्याला लावू नका. दवाखान्यात आलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानं भरमसाट चढते. कुत्र्यात ही चढ सहसा माफक असते.

प्रश्न

सगळ्यांचे आभार. आता असं केलंय: 'ताण आला की कुत्र्याच्या शरीरात अ‍ॅड्रेनॅलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं (हार्मोन) वाढतात. पहिलं पेशींवरच्या ग्राहींमार्फत काम करतं, दुसरं पेशींच्या आतल्या. त्यामुळे पांढऱ्या पेशी आपल्या जागा बदलतात, स्नायूंतली प्रथिनं मोडतात आणि यकृतात साखर घडते. ताण लांबला तर पेशींवरचे ग्राही बोथट होतात.'

प्रतिसाद

चालेल. 'रक्तातल्या पांढऱ्या पेशी' करा, म्हणजे त्या कुठल्या हा प्रश्न राहणार नाही.

जागा उरली तर एक ओळ वाढवा. खूप आजारी दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात ताणाची ही खूण नसेल, लिम्फोसाइट नेहमीइतकेच किंवा जास्त असतील, तर निश्चिंत व्हायचं नसतं. मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल देतच नसतील, म्हणजे अ‍ॅडिसनचा आजार असू शकेल, हे आम्ही अशा वेळी तपासतो. फक्त तिथे 'रिपोर्ट नॉर्मल' असं लिहू नका, 'ताणाची खूण दिसत नाही' असं लिहा.