पगार थकला हे मी शेतकऱ्यांना सांगितलं. कंपनी त्यामुळे बुडाली का?

राळेगावचा फील्डवाला

गेले तीन महिने घरचे, गावचे आणि जुने सहकारी मला हाच प्रश्न विचारताहेत. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. मी चुकलो असं ज्यांना वाटतं त्यांनीही मोकळेपणाने लिहा.

मी बीएस्सी ॲग्री. पुण्याच्या एका शेती-स्टार्टअपमध्ये दोन वर्षं चार महिने फील्ड ऑफिसर होतो. राळेगाव आणि कळंब तालुक्यातली १४ गावं माझ्याकडे होती. खरिपाआधी शेतकऱ्याला ॲपवर जोडायचं, बियाणं-खत उधारीवर द्यायचं आणि हंगाम आला की सोयाबीन, तूर, चना थेट वावरातून उचलायचा, हे काम. पगार २२,०००. घरी राहून, आईच्या हातचं खाऊन महिन्याला बावीस हजार मिळणं आमच्याकडे किती मोठं असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको.

पहिलं दीड वर्ष कंपनीने शब्द पाळला. काटा झाला की तिसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. २०२४ च्या उन्हाळ्यापासून आमचा पगार ७ तारखेवरून १५ वर गेला, मग २८ वर. दर सोमवारच्या कॉलवर एकच गोष्ट ऐकायची, नवीन गुंतवणूक आलीच म्हणून समजा. सप्टेंबरचा पगार आलाच नाही.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं. हमीभाव क्विंटलला ४,८९२, आणि बाजारात दर त्याच्या बराच खाली. सरकारी केंद्रावर द्यायचं तर आधी नोंदणी, वर १२ टक्के ओलाव्याची अट. अशा वेळी आम्ही वावरात येऊन ४,३५० देतो म्हणालो, अडत नाही, हमाली नाही, गाडीभाडं नाही. लोकांनी माल दिला तो कंपनीला नाही, मला दिला. तीन दिवसांत येणाऱ्या पैशाला दहा दिवस लागले, मग पंचवीस.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी एका काकांच्या विहिरीवर बसलो होतो. ते चन्याला ओलीत करत होते. मी मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. त्यात दर महिन्याची एक ओळ असते आणि ओळीत तीन आकडे: माझे १,८००, कंपनीचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. जूनच्या पगाराची ओळ शेवटची. त्याखाली पांढरा पडदा. पगाराच्या स्लिपवर मात्र जुलैत १,८०० कापलेले, ऑगस्टमध्येही १,८०० कापलेले. मी वरखाली करून तीनदा पाहिलं. तेवढ्यात काका मोटर बंद करून आले, हात पुसले आणि म्हणाले, "यंदा तूर केव्हा नेता?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री शेतकऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: "माझा दोन महिन्यांचा पगार झालेला नाही. पीएफ भरलेला नाही. तुमचे अडकलेले पैसे मिळवायला मी सोबत आहे. पण पुढचा माल माझ्या भरवशावर देऊ नका." तिसऱ्या दिवशी मला काढून टाकलं. फेब्रुवारीत कंपनीच्या यवतमाळच्या खरेदी केंद्राचं शटर पडलं. आता सगळे म्हणतात, तुझ्या त्या मेसेजमुळे पडलं.

गोदामाचा हिशेब, यवतमाळ

दादा, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण ते अर्धं आहे. उरलेलं मी लिहिते, कारण मी त्याच केंद्रावर होते.

तुमचा मेसेज तुमच्या १४ गावांत थांबला नाही. दोन दिवसांत तो दारव्हा, नेर, घाटंजीपर्यंत गेला. ज्या काट्यावर दिवसाला ३० टन माल यायचा तिथे चार टन आले, मग तेवढेही नाही. ज्या तेल प्लांटला आम्ही माल देत होतो त्याचे पैसे आमच्याकडे यायचे बाकी होते. रोजचा पुरवठा बंद पडला म्हटल्यावर त्यांनी आधीचेही अडवले. तेच पैसे शेतकऱ्यांना जायचे होते. ज्यांच्यासाठी तुम्ही बोललात त्यांचेच पैसे त्यामुळे लांबले.

केंद्रावर आम्ही २३ जण होतो, त्यात सहा मुली. मी बारावीनंतर अकाउंट्सचा कोर्स केलेली. घरात माझ्याआधी कुठल्याच बाईच्या नावावर पगार जमा झाला नव्हता. पहिल्या पगारातून मी वडिलांचा सोसायटीचा हप्ता भरला. त्या कंपनीला चोर म्हणताना लोकांची जीभ फार सहज वळते. पगार माझाही थकला होता. पण आम्ही ठरवलं होतं की तूर निघेपर्यंत ओढून नेऊ.

आणि एक विचारते. बाजारातला अडत्या पैसे द्यायला महिना लावतो. त्याच्याबद्दल कधी कोणी ग्रुपवर लिहिलंय?

कास्तकार, कळंब

ताई, अडत्याचं मी सांगतो. अडत्या पैसे लांबवते हे खरं हाय. पण त्याचं दुकान बाजारात हाय, त्याच्याजवळ बाजार समितीचं लायसन हाय. मी सकाळी जाऊन त्याच्या गादीवर बसतो, चहा पेतो, उठत नाही. दुपारपर्यंत काही ना काही हातात पडते. तुमच्या कंपनीची गादी कुठं होती? ॲपमंदी. फोन लावला का बाई सांगे तुमची तक्रार नोंदवली हाय.

माह्यं ११ क्विंटल गेलं होतं, ४७,८५० रुपयाचं. पैसे २६ दिवसानं आले, तेही हा पोरगा रोज पाठीमागं लागला म्हणून. तवर मले गव्हाचं बियाणं उधार घ्या लागलं. यानं सांगतलं नसतं तर मी तूरही देली असती. ते पैसे आजवर आले नसते, हे तुम्हीही जाणता.

अमरावतीत छोटी कंपनी चालवतो

मी या धंद्यात आहे म्हणून लिहितो. शेतमालाच्या खरेदीत नफा क्विंटलमागे फार थोडा असतो. शेतकऱ्याला तिसऱ्या दिवशी द्यायचे, प्लांटकडून तीस-चाळीस दिवसांनी घ्यायचे, आणि मधली फट कर्जाने किंवा गुंतवणूकदाराच्या पैशाने भरायची. २०२१ मध्ये ती फट भरायला पैसा सहज मिळत होता, २०२२ नंतर आटला. ज्या कंपन्यांनी फटीलाच धंदा समजून गावं वाढवली त्या अडकल्या. यात लबाडी असेलच असं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. फील्डवाले भाऊ, तुम्ही हे आधी वरिष्ठांना लेखी विचारायला हवं होतं. मेलवर. उत्तराला चार दिवस द्यायचे आणि मग बोलायचं. माझ्या माणसाने ग्राहकांच्या ग्रुपवर थेट असं लिहिलं असतं तर मीही त्याला ठेवलं नसतं. माझ्याकडे नऊ माणसं आहेत, आणि त्यातल्या एकाच्या रात्रीच्या रागावर बाकीच्या आठ जणांची चूल मला टांगता येत नाही.

पीएफची कामं करतो, अकोला

धंद्याची चर्चा चालू द्या. पण पीएफची गोष्ट त्यात मिसळू नका, ती वेगळी आहे.

स्लिपवर कापलेले १,८०० कंपनीचे नव्हतेच. ते कामगाराचे, कंपनी फक्त पोचवणारी. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि त्यावर दंड. कापून भरलेच नाहीत तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात आहे. "गुंतवणूक येणार होती" हे त्यावरचं उत्तर होत नाही. कंपनी उद्या दिवाळखोरीत गेली तरी पीएफची रक्कम बाकी देणेकऱ्यांत वाटली जात नाही, ती बाजूला ठेवावी लागते.

पगाराचं म्हणाल तर, तुमचा थकला तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्याने, हजारापेक्षा कमी माणसं असतील तिथे, तो ७ तारखेपर्यंत द्यायचा होता. महिना २४,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना तो कायदा लागू होता. दाव्याला मुदत असते, ती जाऊ देऊ नका. आता मे चाललाय.

पुराव्यात माझ्याकडे येणारी पोरं नेहमी इथेच अडकतात: स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर असतात, आणि काढल्याच्या दिवशीच लॉगिन बंद होतं. फील्डवाले, तुमच्याकडे किती स्लिपा आहेत?

राळेगावचा फील्डवाला

पाच. त्यातल्या दोन जुलै-ऑगस्टच्या, त्या रात्री स्क्रीनशॉट काढले होते म्हणून. लॉगिन दुसऱ्याच दिवशी बंद झालं. मेलही.

बंगळूरहून परत, वर्धा

मी सॉफ्टवेअरमध्ये होतो, माझीही कंपनी बुडाली. शिकवणीचं ॲप चालवणाऱ्या बायजूसची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगत होते, जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यापुढे आमची तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. माझेही अडीच पगार गेले. सोबत कंपनीचे शेअर मिळतील असा कागद होता, चार वर्षांत मिळणार होते, तो आता रद्दी आहे.

पण महिन्याभरात मला दुसरं काम मिळालं. आणि ज्यांना आम्ही ॲप विकलं त्यातला एकही माणूस मला रस्त्यात भेटला नाही. या दादांना त्याच काकांच्या घरावरून रोज जायचं आहे. पुण्यातल्या मॅनेजरला ते कळणार नाही. मला दादांचं वागणं बरोबर वाटतं. मेल लिहून चार दिवस थांबणं ऑफिसात शोभतं. तेवढ्यात आणखी दहा गाड्या भरून गेल्या असत्या.

अमरावतीत छोटी कंपनी चालवतो

दहा गाड्या थांबवायच्या होत्या तर त्या स्वतः भरायच्या नव्हत्या. माझ्या गावांतून मी उचल करणार नाही, एवढं म्हणून राजीनामा दिला असता तर त्यांच्या शब्दाला वजन राहिलं असतं आणि बाकीच्या गावांचा निर्णय बाकीच्यांकडे राहिला असता. मी अजूनही तेच म्हणतो.

राळेगावचा फील्डवाला

भाऊ, मॅनेजरला मी तीनदा विचारलं. तोंडी. लेखी नाही, ते खरं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तू फील्ड सांभाळ, पैशाचं आम्ही बघतो." राजीनाम्याचाही विचार केला. पण मी मुकाट्याने निघून गेलो असतो तर माझ्या जागी दुसरा पोरगा आला असता, त्याच गावांत, त्याच ॲपसह. काकांना कोणी काही सांगितलं नसतं.

शेतकऱ्यांना सांगितलं याचा मला पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन.

पण गोदामवाल्या ताई, एक गोष्ट मला टोचते. तुम्हा लोकांना आधी सांगायला हवं होतं. तुम्ही २३ जण माझ्यासोबतच पगाराची वाट पाहत होतात. त्या रात्री मला फक्त काका दिसत होते. केंद्रावर सकाळी फोन सुरू होतील, शिव्या तुम्ही खाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचा पीएफ कुठपर्यंत भरला आहे ते तरी पाहिलंत का?

गोदामाचा हिशेब, यवतमाळ

शिव्या खाल्ल्या. एक जण काट्यावर येऊन माझ्या टेबलावरची वही फेकून गेला. मी त्याचं नाव घेत नाही, त्याचे पैसे खरंच अडकले होते.

पासबुक परवा पाहिलं, अकोल्याच्या काकांनी लिहिल्यावर. माझीही जूनची ओळ शेवटची. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत आठ महिने. मी रोज कंपनीचा एकेक रुपया जुळवत होते आणि स्वतःचं पासबुक एकदाही उघडलं नव्हतं.

तरी माझं मत बदललेलं नाही. तूर उचलली असती तर निदान शेतकऱ्यांचे मागचे पैसे फिटले असते असं मला अजून वाटतं. तुम्हाला वाटत नाही. ते राहू द्या.

केंद्रावरच्या सगळ्यांच्या स्लिपा माझ्याकडे आहेत, जुलै ते नोव्हेंबर. दर महिन्याला मीच छापून देत होते, एक प्रत फाइलला लावायची सवय होती. शटर पडलं त्या दिवशी ती फाइल मी घरी आणली. बरोबर केलं की नाही माहीत नाही, पण आणली.

पीएफची कामं करतो, अकोला

ताई, फार बरोबर केलंत. फाइल कोणाला देऊ नका, फक्त झेरॉक्स द्या. प्रत्येकाने आपापला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकून पीएफच्या तक्रार पोर्टलवर स्वतंत्र तक्रार करा आणि तिथेच स्लिप जोडा. पंचवीस वेगवेगळ्या तक्रारी आल्या की तपासाला माणूस निघतो. आणि आपले नंबर इथे धाग्यावर लिहू नका.

घाटंजीचा

सगळं वाचलं. स्लिपवाल्यांचं मार्गी लागेल. पण त्या केंद्रावर माझा भाऊ हमाली करत होता. पोती भरायची, काट्यावर चढवायची, ट्रकमध्ये रचायची. त्याला ना स्लिप, ना यूएएन, ना ॲपवर नाव. जानेवारीचे पैसे आजवर मिळाले नाहीत. ठेकेदार म्हणतो कंपनीला विचार, आणि कंपनीचा फोन लागत नाही. पेरणी तोंडावर आली आहे. त्याने कुठे जायचं?

गोदामाचा हिशेब, यवतमाळ

हमालांची हजेरी मी वेगळ्या वहीत घेत होते. तीच वही फेकली होती, तिची पानं सुटली आहेत, पण सगळी जपून ठेवली आहेत. जानेवारीत नऊ जण होते, त्यांच्या अंगठ्यांसह. भावाला घेऊन रविवारी या. पहिल्यांदा त्याचंच पान शोधू.