जर्मनीत तांबडा-पांढरा: बॅगेत काय द्यावं, तिथं काय घ्यावं?

राजारामपुरी_गल्ली:
थोरली लेक दोन वर्षांसाठी म्युनिकला निघालीय. खोलीत इंडक्शन शेगडी आहे. सोबत चटणी, खसखस, खोबरं, तूप काय काय द्यावं? आणि तिथल्या मटणाचा पांढरा रस्सा जमतो का?

श्टुटगार्टवासी:
दादा, तूप देऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, तूपही त्यातच आलं. कढीपत्ता, कोथिंबीर ताजी नको. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या अडवतात. दुबईवरून जाणार असेल तर खसखस अजिबात नको, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

द्यायची ती कांदा-लसूण चटणी. अर्धा-अर्धा किलोची सीलबंद पाकिटं करा आणि प्रत्येक पाकीट दुसऱ्या जाड पिशवीत घाला. चटणीचं तेल सुटतं, एका पिशवीत कपडे लाल होतात. कुकर इंडक्शनच्या बुडाचा बघून घ्या. साध्या अॅल्युमिनियमच्या बुडाला ती शेगडी ओळखतच नाही. मिक्सर आपलाच चालतो, दाब तिथेही २३० व्होल्ट. फक्त पिनेला अडॅप्टर लागतो.

अळणी_पाणी:
मटणाचं सांगतो. तुर्की दुकानात ‘लाम’ मिळतं, म्हणजे कोवळं मेंढरू. बकऱ्याचं हवं तर ‘त्सीगे’ विचारायचं, पण ते सगळीकडे नसतं. लाममधला खांदा, म्हणजे ‘शुल्टर’, हाडासकट तोडून घ्यावा. वरची पांढरी चरबी सुरीनं काढून टाकायची, वास तिचाच येतो. बकऱ्याला पाच-सहा शिट्ट्या देत असाल तर याला दोनच. जास्त झाल्या की मटण हाडावरून सुटतं.

अर्धा किलोला दीड लिटर पाणी, हळद, मीठ, आलं-लसूण. ही अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, गाळून लिटरभर राहिली पाहिजे. खसखस तिथे दुकानात सहसा निळी मिळते, ती पावावर घालायची. तिनं रस्सा राखाडी होतो. पांढरी भारतीय दुकानात बघा, नाही मिळाली तर दहा काजू आणि एक मोठा चमचा पांढरे तीळ भिजवून अगदी गंध वाटतो तसं वाटा.

राजारामपुरी_गल्ली:
नारळाचं दूध डब्यातलं घेतलं तर रस्सा फुटतो म्हणतात?

अळणी_पाणी:
डब्याला दोष देऊ नका, उकळीनं फुटतो. तुपात लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरे आणि चिरलेली हिरवी मिरची परता. वाटण घालून दोन मिनिटं हलवा, मग अळणी ओता. उकळी आली की आच कमी करून मगच दीडशे मिली नारळाचं दूध घाला आणि एकाच दिशेनं हलवत राहा. कडेला बुडबुडे दिसले की उतरवा. उरलेला रस्सा गरम करतानाही उकळू द्यायचा नाही, तिथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. डब्यावर नारळाचं प्रमाण वाचा. जास्त असेल ते घ्या, पातळ आपण करू शकतो.

श्टुटगार्टवासी:
तुपाचं राहिलं. जर्मनीत लोणी गोड सायीचंही येतं आणि आंबवलेल्या सायीचंही. पाकिटावर ‘झाउअररामबुटर’ लिहिलेलं घ्यावं, ते विरजणाच्या लोण्याच्या जवळ जातं. अडीचशे ग्रॅम मंद आचेवर कढवलं तर साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं.

तांबड्याला रंग हवा असेल तर तिथली गोड पाप्रिका पूड दोन भाग, आपली चटणी एक भाग. पण पाप्रिका चटकन करपून कडू होते. भांडं शेगडीवरून उतरवा, तेल जरा निवलं की पूड घाला आणि लगेच पळीभर अळणी ओता. कट वर येतो.

आणि लेकीला सांगा, मटण शनिवारीच आणायचं. रविवारी तिथे दुकानं बंद.