डिमसम: तिथे बसून काय खावे आणि पार्सल काय आणावे?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार. येत्या रविवारी आम्ही चौघे घराजवळच्या चिनी रेस्टॉरंटमध्ये डिमसम, म्हणजे चहासोबत खायचे वाफवलेले-तळलेले छोटे चिनी पदार्थ, खायला जाणार आहोत. सासूबाईंना गुडघ्यांच्या त्रासामुळे तिथे फार वेळ बसवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दर वेळी पार्सल आणतो. मागच्या खेपेला हार गाउ, म्हणजे पातळ, अर्धपारदर्शक पारीतले कोळंबीचे डिमसम आणले होते. घरी येईपर्यंत त्यांच्या पाऱ्या घट्ट होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि वेगळे करताना फाटून सारण बाहेर आले. सासूबाईंनी कुरकुर न करता खाल्ले, पण जे आम्ही तिथे चवीने खाल्ले ते त्यांच्या वाट्याला तसे आले नाही, याचे मला फार वाईट वाटले. पार्सलसाठी कोणते पदार्थ निवडावेत आणि ते घरी कसे गरम करावेत, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय माझे दीर शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी मागवताना काय विचारून घ्यावे?

वाफेची_करंडी

दोष रेस्टॉरंटचा नाही आणि तुमचाही नाही, तो त्या पारीच्या स्वभावाचा आहे. हार गाउची पारी मैद्याची नसते. गव्हाच्या पिठातील प्रथिने काढून टाकल्यावर उरणारा स्टार्च आणि टॅपिओकाचा स्टार्च उकळत्या पाण्यात मळून ती करतात, आणि प्रथिनांचा आधार नसल्यामुळेच ती वाफेवर पारदर्शक होते. गरम असताना स्टार्चने पाणी धरून ठेवलेले असते. निवू लागला की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येतात, पाणी सुटते आणि पारी घट्ट होते. च्यूंग फन या तांदळाच्या मऊ गुंडाळ्यांचेही असेच होते, किंबहुना अधिक लवकर होते. हे दोन्ही पदार्थ वाफवायच्या करंडीचे झाकण निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच खायचे आहेत. ते पार्सल मागवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सासूबाईंसाठी लो माइ गाइ आणा. कमळाच्या पानात बांधलेल्या या चिकट भातात कोंबडीचे मांस असते. पान ओलावा धरून ठेवते आणि पुन्हा वाफवल्यावर त्याचा वास भातात अधिकच उतरतो. चार स्यू बाओ, म्हणजे भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचे सारण भरलेले फुगीर पावही प्रवास चांगला सोसतात. पिवळसर पातळ पारीचे, वरून उघडे असलेले स्यू माय मध्यम म्हणावे लागतील: पारी कडेने थोडी वाळते, पण वाफ दिली की सुधारते.

गरम करताना मायक्रोवेव्ह शक्यतो टाळा, कारण त्यात पाव कडेने चिवट होतो. पाण्याला उकळी आल्यावरच चाळणी वर ठेवा आणि तळाशी कोबीचे पान अंथरा, म्हणजे काही चिकटणार नाही. फ्रिजमधल्या पावांना साधारण 8 ते 10 मिनिटे पुरतात. पानातल्या भाताला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तो मध्यभागी गरम झाला आहे ना, हे उघडून पाहावे.

गवतीचहा

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक वाट सुचवते. बरीच रेस्टॉरंटे न वाफवलेले, गोठवलेले डिमसमही विकतात. तसे हार गाउ मिळाले तर जरूर घ्या आणि गोठलेले असतानाच थेट वाफेवर ठेवा. आधी बाहेर काढून वितळू दिले तर पारी ओली होऊन फाटते. सासूबाईंना ते अगदी ताजे, करंडीतून नुकतेच उतरलेले खाता येतील.

मागवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. स्वयंपाकघरातून पदार्थ तयार होतील तसे टेबलावर येतात, त्यामुळे सगळ्या यादीवर एकदम खुणा केल्या तर आठ करंड्या एकत्र येतात आणि निम्म्या निवून जातात. दोन-तीन वाफवलेले पदार्थ आधी, नंतर तळलेले, शेवटी डान टाट हे अंड्याच्या कस्टर्डचे टार्ट, अशा टप्प्यांनी मागवा. पार्सलची ऑर्डर अगदी शेवटी द्या, नाहीतर ते डबे तुमचे जेवण होईपर्यंत बंद झाकणाखाली घामेजत राहतात.

चहाला घाई करू नका. दक्षिण चीनमधले कँटनी लोक या जेवणाला ‘यम चा’, म्हणजे चहा पिणे, असेच म्हणतात. स्निग्ध पदार्थांबरोबर पू-अर हा आंबवलेला गडद चहा चांगला लागतो. किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवायचे, ती भरून मिळते. कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलके टिचकारून आभार मानायचे. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण बोलणे मध्येच तोडावे लागत नाही.

पानगळ

दिरांसाठी केवळ ‘भाजीचे आहे का’ असे विचारणे पुरेसे नाही. लो बाक गो हे मुळ्याचे तव्यावर परतलेले काप नावावरून शाकाहारी वाटतात, पण त्यांत बहुधा वाळवलेली कोळंबी आणि डुकराचे सॉसेज असते. पावाच्या पिठात किंवा टार्टच्या पापुद्र्यात डुकराची चरबी असू शकते आणि भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घातलेला असतो. म्हणून चरबी, वाळवलेली कोळंबी आणि ऑयस्टर सॉस या तिन्हींची नावे घेऊन विचारा. यांतले काही नाही याची खात्री पटल्यावर लाल घेवड्याच्या गोड सारणाचे तिळाचे गोळे मागवता येतील.

तळलेल्या पदार्थांच्या डब्याचे झाकण वाटेत किंचित उघडे ठेवा आणि सॉस वेगळा बांधून घ्या. शिजलेले अन्न, विशेषतः भात, 2 तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका. वयस्कर व्यक्तीच्या बाबतीत हे काटेकोरपणे पाळावे.

पाऊलवाट

तिघांचेही मनापासून आभार. गोठवलेले हार गाउ मिळतात का, हे उद्याच फोन करून विचारते. मिळाले तर रविवारी आम्ही परत आल्यावर घरीच चाळणी चढवीन आणि सासूबाईंसोबत पुन्हा एकदा चहाला बसेन.