गरुडाची ढोली राखायला मालकाला पैसे द्यावेत का?

बेहड्याखाली (संगमेश्वर)
आमच्या वरच्या डोंगराची तोड झाली. त्यात तो जुना बेहडाही गेला. त्याच्या ढोलीत महाधनेश (मोठ्या चोचीचा हॉर्नबिल), म्हणजे आमच्याकडचा गरुड, दर शिमग्याच्या आसपास बसायचा. मादी आत शिरते आणि विष्ठा नि फळांचा चोथा लिंपून दार बुजवते. चोच मावेल एवढीच फट. मग तीन-चार महिने नर उंबरं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून भरवतो. पोखरून ढोली करणं त्याला जमत नाही, म्हणून म्हातारं झाडच लागतं. आणि रत्नागिरीत सरकारी जंगल नावापुरतं, बाकी सगळी मालकीची रानं. म्हणून म्हणतो, ढोलीच्या झाडाचे दरवर्षी पैसे मालकाला द्या. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाबाहेर २०११ पासून बाहेरचे लोक पैसे देऊन घरटी दत्तक घेतात. पूर्वी शिकार करणारे तिथले न्यिशी लोकच पगारावर राखण करतात.

डोंबिवलीकर
एकेका झाडामागे कुठे धावणार? न्यूझीलंडचा न उडणारा पोपट, काकापो, १९९५ साली ५१ उरला होता. पक्षी निर्धोक बेटांवर हलवले, एकेकाची निगा राखली, आता दोनशेच्या वर आहेत. असं काहीतरी ठोस हवं.

बेहड्याखाली
काकापोच्या मुळावर उंदीर, मांजरं नि मुंगसासारखी दिसणारी जनावरं उठली होती. आमच्याकडे कटर आहे. पिंजऱ्यात वाढवलेला गरुड सोडणार कुठे, काजूच्या कलमांत?

देवराईची लेक
मला पैसे देणं पटत नाही. आमच्या गावच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आजी घरी आणू द्यायची नाही. तिला कोणी पगार देत नव्हतं. एकदा दर ठरला की उद्या मालक म्हणेल, ठेकेदार जास्त देतो. मग काय लिलाव करणार? आणि पैसे दोन वर्षांत थांबले, तर झाडही गेलं आणि श्रद्धाही.

बेहड्याखाली
ताई, थांबण्याची भीती खरी आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण राई गावाची असते, तिच्यात देवाचा धाक असतो. सातबाऱ्यावर चौदा नावं असलेल्या डोंगराला कोण भितो? (त्यातले अकरा मुंबईत.)

कुडाळचो झील
तुमका लिवूक काय जाता! झाड आमचा, कर्ज आमचा. झिलाची इंजिनिअरिंगची फी गरुड भरतलो काय? वर फोटोवाले येतत, ढोलीखाली दिवसभर कॅमेरो लावन बसतत. नर बिचारो चाऱ्याची फळां घेवन लांबच बसता. पयले त्येंका आवरा.

बेहड्याखाली
फोटोवाल्यांचं शंभर टक्के मान्य. घरट्याची जागा कुणालाच सांगू नये. बाकी, उत्तर सह्याद्रीत बेहड्याची-हिरड्याची फळं, झाडाला धक्का न लावता गोळा केल्याच्या प्रमाणपत्रासह, विकायचा प्रयोग झालाय. झाड उभं राहिलं तरच पैसे, म्हणजे भीक नव्हे.

डोंबिवलीकर
फळांचे कितीसे येणार? लाकडाशी बरोबरी होईल?

बेहड्याखाली
एकट्या फळांची नाही होणार. म्हणूनच वरची भर बाहेरून हवी म्हणतोय.

कुडाळचो झील
माझ्या रानात एक जुनो आंबो आसा, वर ढोली आसा. यंदा पण गरुडाची नर-मादी दोगा इली हत. ठेकेदार आयतवारी येतलो. मगाधरना भर, भर म्हणतास. आकडो सांग.